जुन्या घराच्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट: पेटी नंतर, आधी चिमणी बघा

प्रश्न थोडक्यात असा: मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ १९२८ सालचं दुमजली कलोनियल घर घेतलं आहे. तेलावरचा बॉयलर, गरम पाण्याचे रेडिएटर, आणि नुसत्या घर तापवण्यात हिवाळाभरात हजारेक गॅलन तेल जातं. दिवाणखान्यात विटांची मोठी फायरप्लेस आहे, तिची चिमणी बाहेरच्या भिंतीला लागून वर जाते. रस्त्यात गॅसची लाइन नाही. नाशिकहून सासूबाई कायमच्या राहायला आल्यात, त्यांना दमा आहे आणि त्या दिवसभर त्याच खोलीत शाल गुंडाळून बसतात. एका दुकानाने लाकडावरचा तीन घनफुटी इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत बसवायची बंद शेगडी) सुचवला, 'अडीच हजार चौरस फूट आरामात तापवेल' म्हणून. दुसऱ्याने पेलेटचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या दाण्यांवर चालणारा. दोन्हींत कुठला घ्यावा?

आत्ता लगेच, दोन्हींपैकी एकही नको. न्यू इंग्लंडमधल्या चिमण्या आणि फायरप्लेस हेच माझं रोजचं काम आहे. दुकानात गेलेला माणूस पेटी बघतो, काच बघतो, ज्वाळा कशी दिसते ते बघतो. पण इन्सर्टचं यश ठरतं ते पेटीच्या मागे आणि वर जे काही आहे त्यावर, आणि तो कुणासाठी बसवायचा आहे त्यावर. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे हेतू एकत्र आले आहेत: तेलाचं बिल कमी करायचं आहे आणि सासूबाईंना ऊब द्यायची आहे. या दोन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही.

आधी सध्याच्या उघड्या फायरप्लेसविषयी. ती घर तापवत नाही. समोर बसलेल्याला झळ लागते एवढंच. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची चिमणीतून जाते, आणि जाताना घरातली तापलेली हवाही सोबत ओढून नेते. ती भरून काढायला खिडक्यांच्या फटींतून, तळघरातून बाहेरची थंड हवा आत शिरते. म्हणून कडाक्याच्या थंडीत फायरप्लेस पेटवली की वरच्या मजल्यावरच्या खोल्या उलट गार पडतात. आग विझल्यावर डॅम्पर (चिमणीच्या तोंडाची झडप) निखारे संपेपर्यंत उघडा ठेवावा लागतो, म्हणजे रात्रभर छताला भोक. १९२८चा बिडाचा डॅम्पर मिटला तरी घट्ट बसत नाही, हे वेगळंच.

इन्सर्ट म्हणजे या भोकात बसवलेली बंद शेगडी. दाराला काच, हवा मोजून आत, धूर स्वतःच्या नळीतून बाहेर. चांगल्या इन्सर्टची कार्यक्षमता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. अमेरिकेत १५ मे २०२०पासून नवीन विकल्या जाणाऱ्या लाकडी हीटरला ईपीएची, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संस्थेची, मर्यादा तासाला २ ग्रॅम धुराची आहे, खऱ्या सरपणावर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅमची. १९८८च्या पहिल्या नियमात साध्या, कॅटॅलिस्ट (धूर जाळायला मदत करणारी जाळी) नसलेल्या शेगड्यांना ७.५ ग्रॅमची मुभा होती. तेव्हा कुणी 'जुना पण दणकट' इन्सर्ट स्वस्तात देऊ केला तर हा फरक लक्षात असू द्या.

आता ते 'अडीच हजार चौरस फूट'. हा आकडा घर कुठलं, भिंतीत काय भरलंय, बाहेर किती थंडी आहे हे न विचारता छापलेला असतो. आपण तुमच्याच बिलावरून हिशेब मांडू. एका गॅलन तेलात १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर घराला सुमारे १,१७,७०० मिळतात. हजार गॅलनचे झाले अकरा कोटी सत्त्याहत्तर लाख. वुस्टरचा हिवाळा साधारण ६,७०० डिग्री-दिवसांचा (रोजची सरासरी ६५ फॅरनहाइटच्या जितके अंश खाली, त्यांची बेरीज). भागाकार केला की बाहेर १० फॅरनहाइट असताना तुमचं घर तासाला सुमारे ४० हजार बीटीयू गमावतं असं दिसतं.

दुसऱ्या बाजूला दोन घनफुटांची लाकडी पेटी घ्या. तिच्यात एका वेळी चोवीसेक पौंड सुकं लाकूड मावतं. पौंडाला सुमारे ६,९०० बीटीयू आणि ७५ टक्के कार्यक्षमता धरा, तर एका भरणीतून साधारण सव्वा लाख बीटीयू मिळतात. ती भरणी सात तास चालवली तर सरासरी पडते तासाला १८ हजारांच्या आत. माहितीपत्रकावर ६० किंवा ७० हजार लिहिलेलं असतं ते पेटी पूर्ण भडकलेली असतानाचं, तेवढ्या वेळापुरतं. म्हणजे अगदी गारठ्याच्या दिवशी, दर सात तासांनी कुणीतरी उठून लाकूड भरलं, तर घराच्या गरजेच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता मिळेल. पूरक उष्णता म्हणून हे उत्तमच आहे. पण अख्खं घर नव्हे.

मग तीन घनफुटी घेऊन मोकळं व्हावं, असं वाटेल. घेऊ नका. तीन घनफुटी पेटी मोकळ्या, मोठ्या घरात शोभते. तुमच्या काळातल्या घरांत खोल्या बंदिस्त, दारं तीस इंची, उष्णता दिवाणखान्यातच कोंडते. खोली पंच्याऐंशी फॅरनहाइटला गेली की घरातलं माणूस काय करतं? हवेची कळ बंद करतं. मग लाकूड धुमसत राहतं, काच काळी होते, अर्धवट जळलेला धूर चिमणीत गार होऊन क्रिओसोट म्हणजे डांबरासारखा थर धरतो. जास्त मोठी पेटी मंद जाळण्यापेक्षा लहान पेटी खणखणीत जाळलेली केव्हाही बरी.

ही गरम हवा पुढच्या खोल्यांत न्यायची एक साधी युक्ती: छोटा पंखा शेजारच्या गार खोलीच्या दारात जमिनीवर ठेवा, तोंड इन्सर्टच्या खोलीकडे. गार हवा जड असते, ती खालून आत ढकलली की गरम हवा दाराच्या वरच्या अंगाने आपोआप बाहेर पडते. लोक उलट करतात, गरम हवा ढकलायला बघतात, आणि पंख्याला दोष देतात.

थर्मोस्टॅट कुठे आहे ते आजच बघा. जुन्या घरांत तो बहुधा दिवाणखान्यात किंवा लगतच्या हॉलमध्ये असतो. इन्सर्ट पेटला की त्याला वाटतं घर तापलं, आणि बॉयलर सुरूच होत नाही. इकडे दिवाणखान्यात सगळे खूश, तिकडे उत्तरेच्या बाथरूममागच्या भिंतीत पाण्याची नळी गोठते. रेडिएटरची नळी बाहेरच्या भिंतीतून गेली असेल तर तीही. दोन झोन (वेगळ्या थर्मोस्टॅटवर चालणारे घराचे दोन भाग) असतील तर प्रश्न सोपा. एकच असेल तर थर्मोस्टॅट हलवा, किंवा दुसऱ्या खोलीत सेन्सर ठेवता येणारा लावा. नळी फुटून छत खाली येण्यापेक्षा हा खर्च किरकोळ आहे.

आता चिमणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे खरे इथेच लागतात आणि इथेच वाचवायचा मोह होतो.

घर विकत घेताना किंवा चिमणीला जोडलेलं उपकरण बदलताना लेव्हल २ तपासणी करायची, असं एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं २११ हे मानक सांगतं. म्हणजे नुसता ब्रश फिरवणं नव्हे. चिमणीत खालपासून वरपर्यंत कॅमेरा सोडून प्रत्येक जोड बघायचा. तुमच्या वयाच्या चिमणीत मातीच्या फरशांचं अस्तर बहुधा असेल, पण जोडांतला चुना झडलेला, एखादी फरशी उभी तडकलेली, हे नेहमीचं. त्याहून जुन्या घरांत अस्तरच नसतं, नुसत्या विटा. बॉयलरचा धूर कुठून जातो तेही याच वेळी ठरवून घ्या. बाहेरून चिमणी एक दिसते, आत दोन फ्लू, म्हणजे धुराच्या वाटा, असतात. असावेतच. इन्सर्टचा फ्लू बॉयलरशी कधीही वाटून घ्यायचा नाही.

लाकडी इन्सर्टला बहुतेक वेळा सहा इंच व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आत सोडलेली धुराची नळी, लागतो. तो पेटीच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत अखंड, आणि तुमच्यासारख्या बाहेरच्या चिमणीत इन्सुलेशन गुंडाळलेला. बाहेरच्या भिंतीवरची चिमणी तीन बाजूंनी थंडी खाते. धूर साधारण अडीचशे फॅरनहाइटच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबर भिंतीला चिकटू लागतं. हेच क्रिओसोट, आणि चिमणीला आग लागते ती याचीच. इन्सुलेशनचं दुसरं कारण लाकडाचं: जुन्या गवंड्यांनी चिमणी आणि घराच्या तुळया यांत सोडायला हवं ते अंतर सोडलेलं असेलच असं नाही. लायनर यूएल १७७७ या सुरक्षा-चाचणीला उतरलेला आणि इन्सुलेशनसकट बसवलेला असेल तर ही उणीव भरून निघते.

इथे एक इंचांचं गणित अडतं. आठ बाय बाराच्या म्हणवल्या जाणाऱ्या मातीच्या फरशीचं आतलं माप असतं सातच्या आसपास बाय साडेअकरा. सहा इंची लायनर, त्यावर दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गुंडाळी, झाले सात. गुंडाळीवर पुन्हा जाळी. म्हणजे सरळ चिमणीतही घासत जाणार, आणि फायरप्लेसवरच्या वळणात अडकणार. मग फरशा फोडून काढाव्या लागतात, किंवा लंबगोल लायनर घ्यावा लागतो. फोडायचं काम एक दिवसाचं, धुळीचं आणि महागाचं. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नसेल तर समजा त्या माणसाने चिमणी मोजलेली नाही, आणि बसवायच्या दिवशी तो तुम्हाला एकतर जादा रक्कम सांगेल किंवा गुपचूप गुंडाळी काढून टाकेल.

डॅम्परच्या चौकटीचंही तसंच. ती चारेक इंच रुंद फट असते, सहा इंची नळी त्यातून जात नाही. बिडाचा थोडा भाग कापावा लागतो. इथे चांगला कारागीर आणखी एक काम करतो, जे मी प्रत्येक ग्राहकाला मागून घ्यायला सांगतो: लायनरभोवती डॅम्परच्या पातळीवर पत्र्याचा पडदा. पातळ गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टीलचा पत्रा, मधे लायनरपुरतं गोल भोक, कडेने विटांना स्क्रूने बसवलेला, फटींना उष्णता सोसणारा सिलंट, आणि वर मिनरल वूलचा जाड थर. ग्लासवूल नको, त्यातला चिकट घटक तापून वास मारतो. हा पडदा नसेल तर इन्सर्टच्या पाठीमागची सगळी उष्णता विटांच्या पोकळीतून वर जाते आणि अंगण तापवते. पोकळीत हात घालून बघितलं की फरक कळतो: पडदा नसलेल्या ठिकाणी पेटीमागे वाऱ्याचा झोत लागतो, पडदा लावल्यावर हवा जागीच उभी राहते. बरेच उत्पादक याला ऐच्छिक म्हणतात. बाहेरच्या चिमणीला मी तो ऐच्छिक मानत नाही.

आधीच्या मालकाने जुना इन्सर्ट सोडला असेल तर तो ओढून मागे बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर हजारो इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये सरकवले गेले, लायनर नाही, जोड नाही. धूर मोठ्या पोकळीत सुटतो, गार होतो आणि थर धरतो. असा सापडला तर पेटवू नका.

उंचीचा नियम सोपा आहे: चिमणी छतातून बाहेर येते तिथून किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आतल्या छताच्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट वर. दुमजली घरात हे सहसा जमून जातं. खेच म्हणजे ड्राफ्टही चांगली मिळते.

या खेचेचा एक शत्रू आपल्या स्वयंपाकघरात असतो. आपली मंडळी घर घेतल्यावर सगळ्यात आधी फोडणीच्या वासापायी दणदणीत रेंज हूड बसवतात. मिनिटाला सहाशे, नऊशे घनफूट हवा बाहेर फेकणारा. घर घट्ट केलेलं असेल आणि हवा यायला दुसरी वाट नसेल, तर तो हूड चिमणीतूनच हवा खाली ओढतो. म्हणजे धूर खोलीत, आणि निखारे विझत आलेले असतील तेव्हा न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड. मिनिटाला ४०० घनफुटांच्या वरच्या हूडला भरपाईची हवा द्यायला हवी असं निवासी बांधकाम संहिता सांगते, पण जुन्या घरात नंतर लावलेल्या हूडला ती दिलेली फार क्वचित दिसते. तोवर इन्सर्ट पेटलेला असताना हूड मंद ठेवा आणि स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडा. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत्या प्रत्येक मजल्यावर सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच. त्याच्या मागची तारीख बघा, मुदत संपलेला अलार्म नुसता शोभेचा.

आता इंधन.

लाकूड. एक कॉर्ड म्हणजे चार बाय चार बाय आठ फुटांची रास, १२८ घनफूट. ओकच्या एका कॉर्डमध्ये सुमारे दोन कोटी चाळीस लाख बीटीयू. ७५ टक्क्यांच्या इन्सर्टमध्ये जाळलं तर साधारण १५० गॅलन तेलाचं काम होतं. म्हणजे कॉर्डच्या किमतीला १५०ने भागा आणि तुमच्या तेलाच्या दराशी ताडून पाहा. ४५० डॉलरचा कॉर्ड म्हणजे तीन डॉलर गॅलन. हिशेब लगेच कळतो. पण हे सुक्या लाकडाचं. ओक फोडून रचल्यावर नीट सुकायला दोन वर्षं घेतो, आणि 'सीझन्ड' म्हणून विकलं जाणारं बरंचसं लाकूड गेल्या वसंतात कापलेलं असतं. तीसेक डॉलरचा आर्द्रतामापक घ्या, ओंडका तिथल्या तिथे फोडून ताज्या बाजूवर टोचा, वीस टक्क्यांच्या आत हवं. चुलीपुढे बसून ओल्या सरपणाला फुंकर घातलेल्या आजीला हे मापकाशिवाय कळायचं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण आधुनिक इन्सर्टने खोटी ठरवली आहे, तो ओल्याला अजिबात जुमानत नाही.

कॅटॅलिटिक की साधा? साध्या प्रकारात पेटीच्या वरच्या भागातल्या भोकाच्या नळ्यांतून गरम हवा सुटते आणि धूर हजार-अकराशे फॅरनहाइटला पुन्हा जळतो. कॅटॅलिटिकमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावरच्या प्लॅटिनम-पॅलेडियममुळे तोच धूर पाचशेच्या आसपास जळू लागतो, म्हणून ती शेगडी मंद आणि लांब चालते. पण जाळी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि रंगीत कागद, चकचकीत खोके, रंगवलेलं लाकूड घातलं की लवकर मरते. दिवसभर घरी कुणी नसेल आणि रात्री आठ-दहा तासांची धग हवी असेल तर कॅटॅलिटिक. संध्याकाळी पेटवून झोपताना विसरायचं असेल तर साधा.

पेलेट. चाळीस पौंडांची पिशवी वरून ओतायची, बाकी मोटर करते. लायनर बारीक, तीन-चार इंची, त्यामुळे अडचणीच्या जुन्या चिमणीतही जातो. एक टन पेलेट म्हणजे शंभरेक गॅलन तेल. उष्णता एकसारखी, थर्मोस्टॅट लावता येतो. पण वीज गेली की बंद. आपल्याकडे वीज जाते ती नॉर-ईस्टर वादळात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. शिवाय दाणे ढकलणाऱ्या स्क्रूचा आणि पंख्याचा आवाज सतत येतो. ज्यांना टीव्हीवर मालिका बघायच्या असतात त्यांना तो दुसऱ्या दिवसापासून खटकतो. आठवड्याला राख आणि भट्टीचं मडकं साफ करायचं. तळघरातून चाळीस पौंडांची पिशवी वर कोण आणणार, हे घरात आधी ठरवा.

विजेवरच्या इन्सर्टविषयी एका वाक्यात: १५०० वॅटचा प्लगवरचा हीटर, किंमत तीनशे असो की तीन हजार, तासाला ५,१०० बीटीयूच देतो, बाकी पैसे खोट्या ज्वाळेचे. आणि १९२८च्या वायरिंगवर तो लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

गॅसचे 'लॉग' आणि चिमणीविना चालणारे गॅस हीटर मी तुमच्या घरी सुचवणार नाही. लॉग शोभेचे, त्यांच्यासाठी डॅम्पर उघडा ठेवावा लागतो. चिमणीविना चालणारे जळण्यातून निघणारं सगळं, वाफेसकट, खोलीतच सोडतात, आणि तिथे दम्याचा रुग्ण बसणार आहे.

उरतो डायरेक्ट-व्हेंट गॅस इन्सर्ट. तुमच्याकडे लाइन नाही, म्हणजे प्रोपेनच्या टाक्या. यात दोन लवचीक नळ्या चिमणीतून वर जातात, एकीतून बाहेरची हवा ज्वाळेला येते, दुसरीतून धूर जातो. मधे काच बंद. खोलीतल्या हवेशी आगीचा संबंध नाही, त्यामुळे रेंज हूडचंही भांडण मिटतं. बऱ्याच मॉडेलना बॅटरीची सोय असते, वीज गेली तरी पेटतात, पंखा नसला तरी काचेतून झळ येत राहते. प्रोपेन महाग, हे खरं: एका गॅलन तेलाएवढी उष्णता मिळवायला पावणेदोन गॅलन प्रोपेन लागतं. पण २५ हजार बीटीयूचा इन्सर्ट चार तास चालवला तर गॅलनभरच जातो. काच प्रचंड तापते, म्हणून २०१५पासून नवीन मॉडेलसोबत जाळीचा अडसर येतो. दिसायला बरी नाही म्हणून लोक ती काढून ठेवतात. तुम्ही काढू नका, शालीचा पदर लागायला वेळ लागत नाही.

मग तुमच्या घरी काय? सासूबाई मुख्य कारण असतील तर लाकूड आणि पेलेट मी बाजूला ठेवेन. आधुनिक लाकडी इन्सर्ट दार बंद असताना खोलीत धूर सोडत नाही, पण दर भरणीला दार उघडतंच, थोडा धूर येतोच, राख काढताना बारीक धूळ उडते, आणि ओंडक्यांबरोबर बुरशी घरात येते. दमा असलेल्या माणसाने दिवसभर तिथे बसावं असं मी सांगणार नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही विचाराच. त्यांच्यासाठी डायरेक्ट-व्हेंट प्रोपेन. किंवा फायरप्लेसचा हट्टच नसेल तर त्या खोलीत थंड हवेसाठी बनवलेला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र). मी इन्सर्ट बसवून पोट भरतो तरी सांगतो: खर्चलेल्या विजेच्या सरासरी अडीचपट उष्णता मिळते असं धरलं, तर हीट पंपला एका गॅलन तेलाची उष्णता द्यायला साधारण १४ युनिट वीज लागते. तुमचा विजेचा दर गुणिले १४, एवढाच हिशेब. ज्वाळा दिसणार नाही आणि वीज गेली की तोही गेला. पण त्या खोलीपुरती रोजची ऊब म्हणून त्याच्याशी स्पर्धा अवघड आहे.

तेलाचं बिलच मुख्य असेल, लाकूड रचायला जागा आणि हौस असेल, आणि सासूबाई दिवसा दुसऱ्या खोलीत बसू शकत असतील, तर दोन घनफुटांच्या आसपासचा लाकडी इन्सर्ट. थोडा हार्थवर, म्हणजे समोरच्या दगडी जागेवर, पुढे आलेला घ्या, भिंतीशी सपाट नको. पुढे आलेल्या पेटीच्या डोक्यावरून वीज नसतानाही झळ मिळते, एखादं भांडं गरम करता येतं. त्यासाठी समोरची दगडी जागा किती आहे ते मोजा, दारापुढे किमान सोळा इंच न जळणारा भाग बहुतेकांना लागतो, काहींना जास्त. १९२८चा कोरीव मँटेल (फायरप्लेसवरची फळी-चौकट) असेल तर त्याचं अंतरही पुस्तिकेत तपासा.

मापं घेताना तोंडाची रुंदी-उंची, मागच्या भिंतीची रुंदी, वरची आणि खालची खोली, सगळी घ्या. जुन्या फायरप्लेस मागे निमुळत्या होतात. काही तर इतक्या उथळ आणि तिरक्या असतात की कुठलाच इन्सर्ट बसत नाही. ती कृपा काउंट रम्फर्डची. हा गडी वुस्टरपासून तासाभराच्या अंतरावर वोबर्नमध्ये १७५३ साली जन्मला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने गेला आणि नंतर युरोपात बसून फायरप्लेस सुधारत राहिला. त्याचा आराखडा उघड्या आगीसाठी अप्रतिम आहे. तुमच्या घरी तसली असली तर ती फोडू नका, तिच्यापुढे हार्थवर स्वतंत्र शेगडी ठेवण्याचा विचार करा.

आणि या सगळ्याच्या आधी माळा. मॅस सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेची तपासणी घरमालकाला फुकट असते आणि इन्सुलेशनवर मोठी सवलत मिळते. फटी बुजवून माळ्यावर इन्सुलेशन भरलं की तासाचे ते ४० हजार बीटीयूच खाली येतात, आणि कदाचित लहान पेटी पुरते. फक्त माळ्यावर चिनी मातीच्या खुंट्यांवरची जुनी वायर चालू असेल तर ते इन्सुलेशन भरत नाहीत, आधी ती बदलावी लागते. आणि करड्या-सोनेरी चकचकीत खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

कोटेशन मागताना एक ठोक रकमेचा कागद घेऊ नका. पेटी, लायनर आणि त्याचं इन्सुलेशन, फरशा फोडणं लागलं तर त्याचा दर, डॅम्परपाशी पत्र्याचा पडदा, चिमणीचं टोपण, परमिट, या ओळी वेगळ्या हव्यात. बसवणारा एनएफआय (शेगडी-फायरप्लेस कारागिरांची प्रमाणन संस्था) प्रमाणित आहे का आणि तपासणारा सीएसआयए (चिमणी-सुरक्षेची संस्था) प्रमाणित आहे का ते विचारा. गॅसचं काम परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरकडूनच. लाकडी इन्सर्टला टाउनच्या बिल्डिंग विभागाचं परमिट आणि नंतर त्यांची तपासणी लागते. त्या कागदाची प्रत विमा कंपनीला पाठवा, न कळवता बसवलेल्या इन्सर्टमुळे दावा अडकू शकतो. ७५ टक्क्यांवरच्या लाकडी आणि पेलेट हीटरना मिळणारी ३० टक्क्यांची, दोन हजार डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली, त्यानंतर बसवलेल्या कामाला ती नाही. दुकानात जुनी पाटी अजून लटकलेली दिसली तर तिच्यावर हिशेब बांधू नका.

कामाची वेळ एप्रिल ते जुलै. सप्टेंबर उजाडला की सगळ्यांना एकदम चिमणी आठवते, चांगल्या लोकांच्या तारखा नाताळापलीकडे जातात, आणि घाईत जो मोकळा सापडतो तो का मोकळा आहे हे विचारायला कुणाला फुरसत नसते. तुम्ही आत्ता कॅमेऱ्याची तपासणी तेवढी उरकून घ्या. त्याचा अहवाल आणि फायरप्लेसची मापं पाठवलीत तर कुठली पेटी बसेल ते नेमकं सांगता येईल.